हिशेबाची वही हातात घ्या

धारूर तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात, एक संस्था आहे. तिचं नाव इथं छापत नाही. छापलं तर उद्या तिच्या दारात येणारा देणगीदार परत फिरेल, आणि आधीच झालंय तेवढं नुकसान पुरे. पत्र्याच्या तीन खोल्या, मांगवाड्यातली एक बाई, हाताखाली दोन पोरं, एवढीच ती संस्था. दसरा-दिवाळी आली की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते ट्रकात बसतात आणि कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या फडावर जातात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कारखान्याच्या लेखी दोन माणसं मिळून एक हत्यार. मागं राहतात म्हातारी आणि पोरं. त्यातली चाळीसेक पोरं ही बाई दरसाल सहा महिने सांभाळायची. भाकर घालायची, शाळेत धाडायची, ताप आला तर रात्री मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात न्यायची.

बाईला पैसा यायचा मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेकडून. मोठ्या संस्थेला तो परदेशातून यायचा. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्लीत कायदा बदलला. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थेनं तो पुढं दुसऱ्या संस्थेला द्यायचा नाही. झालं. बाईचा नळ बंद. दोन हंगाम तिनं किराणा दुकानदाराच्या उधारीवर काढले. मग २०२२ च्या उन्हाळ्यात कुणीतरी एका कंपनीच्या फंडाचा पत्ता दिला. फॉर्म कॉम्प्युटरवर, अख्खा इंग्रजीत. बाईनं मला फोन केला. म्हणाली, तू मुंबईला असतोस, तुला येतं. मी मॅट्रिक. गोदीत पोती वाहतो. पण डोंगरातल्या बाईच्या लेखी मी साहेब. चार रोज बुडवून गेलो.

फॉर्मनं काय काय मागितलं ऐका. तीन वर्षांचं ऑडिट. दोन वर्षांचं होतं, तिसऱ्याचं सी.ए.कडं अडकलेलं, कारण त्याची फी थकलेली. आयकराचं १२-ए आणि ८०-जी. सी.एस.आर.-१ चा नंबर. धर्मादाय कार्यालयातली शेड्यूल वनची नक्कल. ती काढली तर तीत दोन विश्वस्त मेलेले. त्यांच्या जागी नवे घेतल्याचा बदल अर्ज टाकून तीन वर्षं झाली होती, निकाल नाही. म्हणजे कागदावर संस्था मेलेली माणसं चालवत होती आणि जिवंत बाईला सहीचा अधिकार नव्हता. शेवटी प्रश्न आला, तुमची थिअरी ऑफ चेंज काय. बाई म्हणाली, म्हंजे काय रं? मी म्हटलं, बदल कसा होणार ते इचारत्यात. बाई म्हणाली, लिही की मग. पोरं जेवतील, मग शिकतील, मग कोयता धरणार नाहीत.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत तेच लिहिलं. दोन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. आपल्या संस्थेची क्षमता पुरेशी आढळली नाही.

त्या हंगामात बावीस पोरं राहिली. बाकीची ट्रकात बसली. त्यात नववीतली एक पोरगी होती. फेब्रुवारीत फडावरच तिचं लग्न लावून दिलं.

क्षमता! हा शब्द आज आपल्याला चिरून बघायचाय.

उधारीवर चाळीस पोरांचं पोट भरणं ही क्षमता नाही. पिऊन आलेल्या बापाला पोरीच्या अंगावर हात टाकू न देणं ही क्षमता नाही. तहसीलदाराच्या दारात आठ दिवस बसून रेशनकार्ड काढणं ही क्षमता नाही. मग क्षमता कशाला म्हणतात? तर हे सगळं केल्याचं इंग्रजीत, ठरलेल्या चौकटीत, ठरलेल्या तारखेच्या आत लिहून देणं. आमच्या गोदीत असंच आहे. पोतं वाहणारा एक असतो, टॅली लिहिणारा दुसरा. टोळीनं दिवसभरात किती पोती वाहिली ते टोळीच्या पाठीला ठाऊक असतं, पण पैसा टॅलीवर निघतो. टॅलीत चुकलेलं पोतं म्हणजे न वाहिलेलं पोतं. पाठ आपली आणि वही त्यांची, हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चाललाय. गावात पाटील-कुलकर्ण्यानं लिहिलं, फडावर मुकादम लिहितो, आता देणगीदाराचा प्रोग्राम ऑफिसर लिहितो. आधी हजारो वर्षं आपल्याला अक्षर शिकू दिलं नाही, आणि आता लिहिता येत नाही म्हणून भाकर बंद करतात.

हे आपोआप घडलेलं नाही. कायदे बघा. परदेशी देणग्यांवरचा पहिला कायदा १९७६ चा. साल ओळखलंत? आणीबाणी. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला. त्यात २०२० ची दुरुस्ती झाली. संस्थेचा प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांपर्यंत चालायचा, तो २० टक्क्यांवर आणला. परदेशी पैसा पहिल्यांदा उतरवून घ्यायला दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या शाखेतच खातं हवं. आणि एका संस्थेनं दुसरीला पैसा देणं बंद. सुप्रीम कोर्टानं ८ एप्रिल २०२२ ला या दुरुस्त्या कायम केल्या. या शेवटच्या कलमाचा घाव कुणाला बसला? दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांची नोंदणी स्वतःची होती, त्या तगल्या. मेल्या त्या कालव्याच्या टेलच्या. माजलगावच्या कालव्यावर शेत असलेल्याला विचारा, टेल म्हणजे काय. वरच्यांचं भिजून उरलं तर टेलला पाणी. आता तर वरूनच दार पाडलं.

१ जानेवारी २०२२ ला देशातल्या जवळपास सहा हजार संस्थांची परदेशी देणगीची नोंदणी संपली. त्यातल्या बहुतेकांनी नूतनीकरणाचा अर्जच वेळेत केला नव्हता, असं सरकारनं सांगितलं. सरकारला यात संस्थांची चूक दिसते. मला त्यात धारूरची बाई दिसते. अर्ज करायचा कळायला माणूस लागतो. माणसाला पगार लागतो. पगार प्रशासकीय खर्चात धरतात. आणि प्रशासकीय खर्च कमी करा म्हणून तुम्हीच सांगता. पाय बांधायचे आणि म्हणायचं, पळ.

आता कंपन्यांचं बघू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. कायदाच म्हणतो, कंपनी जिथं आहे तिथल्या भागाला प्राधान्य द्या. कंपन्या कुठं आहेत? मुंबई, ठाणे, पुणे. बीडला काय आहे? कारखान्यांची धुराडी, परळीची राख आणि डोंगरातले दगड. २०१८ साली केंद्रानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली. महाराष्ट्रातले चार घेतले, नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि तेव्हाचं उस्मानाबाद. शेजारचं धाराशिव यादीत, बीड बाहेर. फंडवाले यादी बघून गाडी वळवतात.

कुठं कुठं म्हणतात, सी.एस.आर.च्या नियमाप्रमाणं तुमच्या ऑफिसला पाच टक्क्यांवर देता येत नाही. दोस्तहो, हे पाठ करून ठेवा. नियमातली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या कारभाराच्या खर्चाला आहे. काम करणाऱ्या संस्थेच्या हिशेबनिसाला, भाड्याला, प्रवासाला ती लागू नाही. पण धारूरच्या बाईला हे सांगणार कोण? तिनं 'साहेब म्हणतात तर असंल' म्हणून मान डोलावली की तिचा हिशेबनीस गेला. हिशेबनीस गेला की ऑडिट गेलं. ऑडिट गेलं की पुढच्या साली उत्तर तयार, क्षमता पुरेशी नाही.

आमच्या जिल्ह्यात उचल म्हणजे काय ते पोराला चालायला लागायच्या आधी कळतं. हंगामाआधी मुकादम पैसे देतो, ते तोडून फेडायचे. आजारी पडून एक दिवस काम चुकलं तर खाडा, त्याचा दंड. हंगाम संपला तरी उचल फिटत नाही, ती पुढच्या साली डोक्यावर. नीच व्यवस्था आहे. पण ऐका, मुकादमसुद्धा पैसा आधी देतो! अनुदानवाले बरेचदा म्हणतात, आधी खर्च करा, पावत्या लावा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग हप्ता सोडू. सरकारी हंगामी वसतिगृहांचीही दरसालची बोंब हीच; पोरं दिवाळीला उपाशी आणि पैसा निघतो शिमग्याला. ज्याच्या घरात आधी खर्च करायला पैसा आहे त्यालाच हे जमणार. म्हणजे गरिबासाठी काम करायलासुद्धा आधी श्रीमंत असावं लागतं. आणि पावत्या कुठल्या? आठवडी बाजारात मेथीच्या जुडीवर छापील बिल कोण देतो?

दुसरा खेळ बातमीचा. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाचा विषय पेपरात गाजला. तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यातल्या खासगी दवाखान्यांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढल्याचा आकडा विधिमंडळात आला. मग गाड्या आल्या, कॅमेरे आले, सर्व्हे आले, प्रकल्प आले. बायकांनी त्याच त्या प्रश्नांना पुन्हा पुन्हा उत्तरं दिली. बातमी विटली, गाड्या परतल्या. दुखणं पिढ्यांचं, प्रकल्प अठरा महिन्यांचा. आणि जी गावातली संस्था आधीही होती आणि नंतरही आहे, ती गाडीला रस्ता दाखवायच्या कामाची. मानधन सर्व्हेवाल्याला, रस्ता दाखवणारीला चहा.

मग पुण्याच्या हॉटेलात 'क्षमता बांधणी'ची कार्यशाळा होते. पडद्यावर इंग्रजी पाट्या, दुपारी तीन प्रकारच्या भाज्या. बाई एकदा गेली होती. परत येऊन म्हणाली, त्या एका दुपारच्या जेवणात माझी पोरं आठ दिवस जेवली असती.

पण इथंच थांबून शिव्या देत बसलो तर आपण निव्वळ बोंबले. बाबासाहेबांचं नाव घेणाराला हे परवडणार नाही. आठवा, बाबासाहेबांनी कोलंबियाच्या डॉक्टरेटसाठी विषय कुठला घेतला? सरकारनं प्रांतांना द्यायच्या पैशाचा! तो ग्रंथ १९२५ साली छापला गेला. १८७१ पासून वरचं सरकार प्रांतांना ठरावीक रकमा नेमून देऊ लागलं, मग महसुलाची काही खाती दिली, मग काहींत वाटा दिला. बाबासाहेबांनी आकड्यांनिशी उलगडून दाखवलं की यात प्रांतांचं स्वतःचं असं काही नव्हतं. वरच्यानं दिलेलं वरचा कधीही काढून घेऊ शकत होता. महाराचा पोर न्यूयॉर्कात बसून साम्राज्याची खतावणी तपासत होता, आणि आपण आपल्या संस्थेची रोजकीर्द लिहायला कंटाळतो.

१९३२ बघा. पुणे करारानंतर अस्पृश्यतेविरुद्ध अखिल भारतीय संस्था निघाली, पुढं तिचंच नाव हरिजन सेवक संघ झालं. १४ नोव्हेंबर १९३२ ला बाबासाहेबांनी पोर्ट सैदहून, बोटीवरून, ठक्कर बाप्पांना लांब पत्र लिहिलं. सांगितलं की विहिरी-शिष्यवृत्त्यांची खिरापत वाटत बसू नका. पाणवठा, शाळा, रस्ता या नागरी हक्कांसाठी गावोगाव लढा, आणि कार्यकर्ते अस्पृश्यांतूनच घ्या. त्या पत्राची पोचसुद्धा आली नाही. पुढं संघाच्या कारभारात आम्हाला जागा द्या म्हणणाऱ्यांना सांगण्यात आलं, हे स्पृश्यांचं प्रायश्चित्त आहे, कारभार त्यांचाच. पैसा आमच्या नावावर आणि वही त्यांच्या काखेत. आजच्या देणगीदारांच्या बोर्डावर कोण बसतं, प्रस्ताव वाचणारी माणसं कुठल्या आळीतून येतात, ते मोजा. नव्वद वर्षांत काय बदललं ते कळेल.

पण आणखी एक उदाहरण आहे, ते आपल्याला टोचणारं आहे. 'मूकनायक' १९२० साली निघाला. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. याहून चांगला देणगीदार कुठं मिळणार? त्यानं ना अहवाल मागितला, ना थिअरी. पण त्याच साली बाबासाहेब शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. मागं कारभार नीट राहिला नाही, हिशेबावरून वाद झाले, १९२३ साली पत्र बंद पडलं. यातून आपण शिकायचं ते हे, की पैसा मिळणं आणि पैसा सांभाळणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्या कामाला हात नसतील तर शाहू महाराजांचा पैसासुद्धा पुरत नाही.

म्हणून आता आपल्या घरातली घाण. किती संस्थांचे विश्वस्त म्हणजे पुढारी, त्याची बायको, मेव्हणा आणि ड्रायव्हर? किती संस्था नुसत्या लेटरहेडवर आहेत आणि सही विकून जगतात? अनुदान मिळवून देतो म्हणून टक्केवारी खाणारे दलाल जिल्ह्याच्या गावी हिंडतात, त्यातले काही जयंतीच्या दिवशी निळा फेटा बांधून पुढं असतात. यांनी आपल्या प्रामाणिक बाईचं तोंड काळं केलं. देणगीदार एकाला बघून दहांवर शिक्का मारतो, आणि आपल्या जातीच्या माणसावर तो शिक्का चटकन बसतो. जो चोर नाही तोही गाफील. पावत्या खिशात, खिसा धुण्यात. हिशेब विचारला की राग. 'मी चळवळीचा माणूस, मला हिशेब विचारता?' अरे, चळवळीच्या माणसालाच विचारायचा. पैसा पोरांच्या भाकरीचा आहे, तुझ्या इज्जतीचा नाही.

मग अनुदान घ्यायचं की लाथाडायचं? काही दोस्त म्हणतात, फंड घेतला की चळवळ मेली. हे शहरात पंख्याखाली बसून म्हणणं सोपं आहे. नववीतल्या त्या पोरीला सांगा जाऊन. तिला क्रांती नको होती, सहा महिने निजायला जागा हवी होती. पण हेही तितकंच खरं, की लढा अनुदानावर चालत नाही. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांनी तुरुंग भरले. त्याला कुणाचा प्रकल्प होता? 'अपेक्षित निष्पत्ती'च्या रकान्यात काय लिहिलं असतं, अटक?

आपल्याच जिल्ह्यातला माणूस घ्या. एकनाथ आवाड. दुकडेगावचे, पोतराजाचं पोर, पँथरच्या दिवसांत तापलेले. त्यांनी तेलगावला ग्रामीण विकास केंद्र उभं केलं आणि १९९० साली मानवी हक्क अभियानही उभं केलं. गायरानं कसणाऱ्या दलितांची अतिक्रमणं नियमित करायचा २८ नोव्हेंबर १९९१ चा सरकारी निर्णय निघाला, त्यानंतरही सातबाऱ्यावर नाव चढवायला मराठवाड्यात माणसं मार खात राहिली, केसेस लढत राहिली. २०१५ साली आवाड गेले. त्यांच्या कामातून मी एवढंच घेतो, की संस्था आणि अभियान या दोन गोष्टी आहेत. संस्थेला पावती लागते, अभियानाला पाय लागतात. संस्थेचं दार देणगीदार बंद करू शकतो. अभियानाची चावी त्याच्या हातात जाऊ द्यायची नाही. अभियान आपल्या मुठीतल्या पैशावर चालावं, दहा-वीस रुपयांच्या वर्गणीवर, आणि तो हिशेबही चावडीवर वाचून दाखवावा.

तर देणगीदारांना आमचं सांगणं. हिशेबनिसाचा पगार द्या, नाहीतर हिशेब मागू नका. पैसा दसऱ्याआधी द्या, शिमग्याला नको. अर्ज मराठीत घ्या. आठवडी बाजाराची हातपावती सहीनिशी चालवून घ्या. तीन वर्षांच्या खाली कामाला हात घालू नका. आणि तुमच्या बोर्डावर एखादी ऊसतोड बाई बसवा, मग क्षमता कुणाची कमी आहे ते बघू.

आणि तुम्हाला, वाचणाऱ्या दोस्तांना. तुमच्यातले कितीतरी बी.कॉम. आहेत. कुणी बँकेत, कुणी सी.ए.च्या फर्ममध्ये, कुणी मंत्रालयात कारकून. बाबासाहेबांच्या जिवावर इंग्रजी आलं, टॅलीचं सॉफ्टवेअर आलं. हे घेऊन तुम्ही काय करताय? १४ एप्रिलला डी.जे.ची वर्गणी देताय. माझं म्हणणं साधं आहे. एका शाखेनं बीडचा एक तालुका घ्यावा. त्या तालुक्यातल्या चार-पाच छोट्या संस्थांचं मिळून एकच हिशेबाचं टेबल मांडावं, त्यावर गावातलीच एक शिकलेली पोरगी पगारानं बसवावी, पगार शाखेनं वर्गणीतून द्यावा. तिला रोजकीर्द शिकवा, बदल अर्ज शिकवा, १२-ए आणि ८०-जीच्या मुदती भिंतीवर लिहून ठेवा. जे दरसाल सप्टेंबरात अडतं ते जूनमध्ये उरका. वर्षातले आठ दिवस रजा काढून जा. जाताना भाषण नेऊ नका, कॅल्क्युलेटर न्या.

धारूरची बाई अजून आहे. यंदाही दसऱ्याला ट्रक लागतील. मी पुन्हा जाणार आहे. मागच्या वेळी फॉर्म भरायला गेलो होतो, यंदा वही लिहायला शिकवायला जातोय, आधी स्वतः शिकून. गोदीतल्या टॅली क्लार्ककडून रोज अर्धा तास शिकतोय. तो हसतो. म्हणतो, पोतीवाल्याला काय करायचंय खतावणीशी?

हसू दे. पाठ आपली आहे, आता वहीही आपलीच पाहिजे.

जय भीम.